ती वर्गात होती

हजेरीपटावर एकदा लाल शाईनं गैरहजेरी पडली की ती खोडायची नाही, असा आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा नियम होता. प्रार्थना झाली, हजेरी झाली, की पट शिपायाच्या हाती कार्यालयात जायचा आणि कपाटात बंद व्हायचा. उशिरा आलेल्या मुलीला दारातून परत पाठवायचं. हे मला पटायचं नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली घरचं सगळं उरकून यायच्या. कुणी पाणी भरून, कुणी आईबरोबर विड्या वळून. त्यांना घालवून दिलं तर त्या दुसऱ्या दिवशीही येणार नाहीत हे दिसत होतं. म्हणून मी माझ्यापुरती एक वाट काढली होती. उशिरा आलीस ना, मग दारात उभी राहून एक कविता पाठ म्हण आणि ये आत. पटावर ती गैरहजर, बाकावर हजर. मुख्याध्यापकांना हे माहीत नव्हतं, की माहीत असून त्यांनी कधी विचारलं नाही, मला सांगता यायचं नाही. मला मात्र माझ्या युक्तीचं फार कौतुक होतं.

नववीतली एक मुलगी एका बुधवारी अशीच वीस मिनिटं उशिरा आली. शाळेमागच्या वस्तीतली. इंग्रजांच्या राज्यात काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवून आमच्या शहरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्यांचीच ही वस्ती. तारा केव्हाच निघाल्या, पण माणसं अजून ‘तारेच्या आतले’ म्हणतात, आणि म्हणताना हात आपोआप पिशवीवर जातो. माझाही जायचा. ती मुलगी दारात उभी राहिली, कविता म्हटली, एका कडव्यात अडली, मी पुढचा शब्द दिला, मग तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. संध्याकाळी शाळा सुटेपर्यंत तिथंच होती.

त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास नवी पेठेत एका कापड दुकानात साड्या बघत बसलेल्या बाईची पर्स गेली. गर्दीत एक बाई आणि एक मुलगी दिसली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी वस्तीतून तिला आणि तिच्या मावशीला उचललं. ती म्हणाली, मी शाळेत होते. तेव्हा एक जमादार आणि एक बाई पोलीस खरंखोटं करायला आमच्या शाळेत आले. मुख्याध्यापकांनी कपाटातून पट काढला. तिच्या नावापुढं लाल शाई. मला वर्गातून बोलावून घेतलं.

मुख्याध्यापक म्हणाले, “ही काल नव्हती ना?”

मी म्हणाले, “पटात आहे ते बरोबर आहे, सर.”

जमादार वयस्कर होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “बाई, नक्की ना?” मी मान हलवली. त्यानं मला एक संधी जास्तीची दिली होती, हे मला जिना चढतानाच कळलं. पण मी जिना चढत राहिले.

मी तेव्हा शिक्षणसेवक होते. लग्नानंतर उशिरानं मिळालेली नोकरी, तीन वर्षं काढली की कायम होणार होते, त्यातलं एक उरलं होतं. ती वर्गात होती म्हटलं असतं तर पट खोटा ठरला असता, आणि पट खोटा म्हणजे मी. इतकी वर्षं मी स्वतःला हेच कारण देत आले. ते खरं आहे. पण अपुरं आहे, ते पुढं लिहीनच.

माहेरी जाऊन मी आईला सांगितलं. आमच्या घरात कन्नड. आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “बिडु.” सोड. मला कुणीतरी हे म्हणायला हवंच होतं. मी सोडलं.

मुलगी निरीक्षणगृहात अकरा दिवस होती, मावशी कोठडीत. तिची आई शाळेकडं फिरकली नाही, ठाण्याच्या फाटकाशी बसून राहिली. काही महिन्यांनी पर्स नेणारी भलतीच निघाली आणि प्रकरण मिटलं. पण ती शाळेत परत आली नाही. वर्षभरात तिला नातेपुत्याकडं देऊन टाकली. सोळा वर्षांची होती. मी पुढच्या जूनमध्ये कायम झाले. त्यानंतर उशिरा येणाऱ्या मुलींना मी परत पाठवू लागले. कविता म्हणवून घेणं बंद केलं.

*

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता वकील, घरी आली. ती त्या वस्तीत काम करते. म्हणाली, “बाई, आमी पत्रकं छापली. पोलीस आले तर काय करायचं, काय नाही. कुणी वाचत नाही. वाचलं तरी गाडी दिसली की डोकं बंद होतं, पाय पळतात. तोंडात बसेल असं काहीतरी करून द्या की.”

पळणं ही तिथली जुनी खोड आहे. गाडी वळणावर दिसली की काहीही न केलेली माणसंसुद्धा पळतात, कारण त्यांचे बाप पळत होते, आज्जे पळत होते. आणि पळाला म्हणजे काहीतरी केलंय, असं समोरचा धरतो. वकील मुलीचं म्हणणं असं की हे पायातलं काढायचं तर कानातून आत गेलं पाहिजे. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना ओव्या येत होत्या. जातं गेलं होतं, ओव्या शिल्लक होत्या.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण हो म्हणाले. का म्हणाले ते त्या वकील मुलीला सांगितलं नाही.

दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की मी वस्तीतल्या समाजमंदिरात जायचे. वीस-पंचवीस बायका, त्यांच्या मुली. बरोबर एक निवृत्त हवालदारबाई असायच्या, धिप्पाड, बोलायला मोकळ्या. पहिल्याच दिवशी दात नसलेल्या एका आज्जीनं त्यांना ओळखलं.

“तुमीच न्हाय का आमच्या सुनंला झिंज्या धरून नेलं हुतं? आता गाणी शिकवाय आला व्हय?”

हवालदारबाई म्हणाल्या, “नेलं असंल आज्जी. आता पेन्शन खाती, म्हणून अक्कल आली.”

सगळ्या हसल्या, आज्जीसुद्धा. मग काम सुरू झालं. आधी बोलायचं, कुणाबरोबर काय झालं ते. मग त्यातून एखादी गोष्ट काढायची, जी त्या वेळी केली असती तर बरं झालं असतं. मग तिची ओवी. मी फक्त फळ्यावर लिहून घ्यायचे आणि कुठं लय अडखळली तर सुचवायचे. पहिली ओवी आज्जीचीच निघाली:

वर्दी म्होरं आली, पळू नगंस मैने
हात दिसू दे मोकळं, बोल सावकाशीने

मग एकेक सुचत गेली:

कशापायी नेता सायेब, एवढं इचारावं
कंच्या ठाण्याला नेतात, घरी कळवावं

दिस बुडाल्याउपर बाईला नेऊ नये
बाईपोलिसाबिगर अंगाला हात लावू नये

ओवी झाली की नाटक करून बघायचं. हवालदारबाई पोलीस, बाकीच्या बाकीच्या. पण गंमत अशी की दुसऱ्या शनिवारपासून सगळ्यांनाच पोलीस व्हायचं असायचं. आज्जी तर खराटा घेऊन अशी अंगावर यायची की हवालदारबाईंनी शेवटी हात जोडले, म्हणाल्या, आज्जी, आमी इतकं पण मारत नव्हतो गं. आज्जी म्हणाली, “तुला काय म्हाईत. तू मारणारी हुतीस.” त्यावर मात्र कुणी हसलं नाही. हवालदारबाई म्हणाल्या, बरं, परत करू.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी ती आली.

नवरा यंत्रमागावर लागला म्हणून ती नातेपुत्याहून सोलापुरात परतली होती. बाजारात दोन-तीनदा दिसली होती मला. दर वेळी लांबून “बाई” म्हणून हाक मारायची, पिशवी खाली ठेवून पाया पडायची. मी काहीतरी विचारून घाईनं निघायचे. आता ती पस्तिशीला टेकलेली, मुलगी बरोबर. मुलगी आमच्याच शाळेत, नववीत. शाळेत नाव घालताना तिनं मुद्दाम सांगितलं होतं, माझी पोर बाईंच्याच वर्गात टाका.

ती शब्दांना पक्की निघाली. दोन शनिवारांत तिनं पाच-सहा ओव्या केल्या. त्यातली एक सगळ्यांना इतकी आवडली की मुली येता-जाता म्हणायला लागल्या:

बाकावर हुते मी गं, वही माझी उघडी
इचारा माझ्या बाईला, बाई बोलंल रोकडी

म्हणजे, शाळकरी मुलीला धरलं तर तिनं शाळेचं नाव सांगावं, वर्गशिक्षिकेला बोलवा म्हणावं. बाई सरळ, रोखठोक सांगेल. वकील मुलगी खूश झाली, म्हणाली ही छापूयाच. मी ती फळ्यावर लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी दुसरी ओळ वरखाली गेली.

त्यानंतरचे तीन शनिवार मी ठरवून जायचे की आज तिला बाजूला घेऊन सांगायचं. दर शनिवारी परत यायचे. रस्त्यात पोरी ती ओवी म्हणत जाताना ऐकायला यायच्या. मला एकच गोष्ट दिसत होती. या पोरी उद्या खरोखर कुठल्यातरी ठाण्यात उभ्या राहून म्हणतील, आमच्या बाईंना विचारा. आणि त्यांच्या बाई म्हणजे माझ्यासारखी कुणीतरी असेल.

*

ठाण्याचे नवे साहेब तिशीतले होते. वकील मुलीनं त्यांना दोन-तीन महिने विनवलं तेव्हा ते एका शनिवारी दुपारी आले, साध्या कपड्यात, बरोबर एकच बाई शिपाई. सतरंजीवर बसले. चहा घेतला. बायकांनी ओव्या म्हणून दाखवल्या. त्यांनी मान हलवत ऐकल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं की अंधारात कुणी कमरेकडं हात नेला की भीती आम्हालाही वाटते, हात दिसू दे हे तुम्ही बरं शिकवताय. एका बाईनं विचारलं, आधार कार्ड घरी राहिलं तर काय? एकीनं विचारलं, कोऱ्या कागदावर सही मागतात त्याचं काय? त्यांनी सही करू नका म्हणून सांगितलं. बरं चाललं होतं.

मग ती उठली.

ती सावकाश बोलली, ओवी सांगते तशीच. म्हणाली, मी नववीत असताना मला नेलं. मी म्हणत हुते शाळेत हुते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, शाळेत चौकशी केली, तू नव्हतीस. “सायेब, ते खोटं बोलले. त्यांनी इचारलंच न्हाय. इचारलं असतं तर माझ्या बाईंनी सांगितलं असतं की. ह्या बसल्यात की बाई हितं.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. काहींनी हसून बघितलं, अभिमानानं.

साहेब म्हणाले, “तेव्हा मी नव्हतो. पण चुकलं असेल आमच्याकडून. आमच्या लोकांच्या वतीनं मी माफी मागतो.” आणि त्यांनी खरंच हात जोडले.

त्या जोडलेल्या हातांकडं मी बघत राहिले. तो वयस्कर जमादार आठवला. आता असेल-नसेल. तो विचारायला आला होता. दोनदा विचारलं होतं त्यानं.

मी बसूनच म्हणाले, “ते आले होते विचारायला.”

आवाज इतका बारीक निघाला की वकील मुलीनं काय म्हणून विचारलं. मी उभी राहिले.

“पोलीस शाळेत आले होते. मला विचारलं. मी सांगितलं, ही वर्गात नव्हती.”

मी तिच्याकडंच बघत होते, दुसरीकडं बघणं शक्यच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर आधी काही आलंच नाही. जणू मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. मग तिनं विचारलं, “पण मी हुते की, बाई. कविता म्हटली हुती मी दारात.”

“होतीस. पटावर लाल शाई होती. मी पट खरा म्हटला.”

“का?”

“नोकरी जाईल म्हणून.”

ती माझी विद्यार्थिनी होती, अर्धवट उत्तर तिला कळत होतं. “अन्?”

साहेब सतरंजीकडं बघत होते. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

“आणि मला वाटलं, ती पर्स नाही, पण आधी कधीतरी तू कुणाचं काही घेतलंही असशील. तू वर्गात होतीस हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी मला तसं वाटलं. वस्तीतली म्हणून.”

मग ती म्हणाली, “व्हय. हे खरं बोललात.” आणि खाली बसली.

आज्जी पुटपुटली, “अठरा वरसं पोलिसांना शिव्या घातल्या गं बाई. थोड्या हिच्या वाटच्या हुत्या.” कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. हवालदारबाई उठून माझ्याजवळ आल्या, पाण्याचा पेला पुढं केला. मी पाणी घेतलं नाही.

वकील मुलीनं हलक्या आवाजात विचारलं, ती ओवी काढूया का, बाई? मी हो म्हणणार तेवढ्यात ती बसल्या जागेवरून म्हणाली, “ओवी माझी हाय. काढायची का न्हाय ते मी बघीन.” मग मला म्हणाली, “तुमी लिहून द्या.”

मला वाटलं ओवीबद्दल बोलतेय. तसं नव्हतं.

“मी वर्गात हुते म्हणून लिहून द्या. सही करून. सासूच्या घरात चमचा हरवला तरी आदी माझ्या ट्रंकेत बघतात. अजून. माझी पोर बघत असती ते. नवरा बोलत न्हाय काय, पण बघत असतो. मला कागद पायजे.”

वकील मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की जपून, तुम्ही अजून नोकरीत आहात, साहेब इथं बसलेत, निदान घरी जाऊन विचार करून लिहा. तिचं बरोबर होतं. साहेबांनी ते ऐकलं असावं, कारण ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. मी वकील मुलीकडून वही मागितली, एक पान फाडलं आणि सतरंजीवर बसून लिहायला लागले.

साल मला आठवत होतं, तारीख आठवेना. ती मला पाठ होती असं मी समजत होते. तिनं सांगितली. महिना, वार, सगळं. मी लिहिलं. तिचं नाव लिहिलं, माहेरचं, जसं पटावर होतं तसं. अमुक दिवशी ती वीस मिनिटं उशिरा आली, कविता म्हणून आत आली, शाळा सुटेपर्यंत तिसऱ्या बाकावर होती. चोरी झाली तेव्हा ती माझ्यासमोर होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मी खोटं बोलले कारण मला माझी नोकरी प्यारी होती, आणि ती त्या वस्तीतली होती म्हणून मला तिच्यावर संशय होता. तिनं काही घेतलं नव्हतं. खाली सही, नाव, हुद्दा.

इतक्या वर्षांत मुलींच्या वह्यांत मी हजारो ओळी तपासल्या असतील. एवढं सरळ वाक्य एकही लिहिलं नव्हतं.

कागद तिच्या हातात दिला. तिनं बघितला, अक्षरावरून नजर फिरवली. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, तिला जोडाक्षरं अडत होती. तिनं तो मुलीकडं दिला आणि म्हणाली, मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

मुलगी उभी राहिली. वर्गात उभी राहते तशी, एक हात ओढणीत. चांगलं वाचते ती, मीच शिकवलंय. तारीख वाचली, आईचं माहेरचं नाव वाचलं, तिथं जरा हसू आलं तिला, ते नाव तिनं फारसं ऐकलं नसावं. तिसरा बाक वाचला. मग ‘मी खोटं बोलले’ वर आली आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. शाळेत सोमवारी पहिला तास माझाच असतो.

“वाच की पुढं,” तिची आई म्हणाली.